कामटीचा बाक

१४ ऑक्टोबर. आज पंखे पुसायला काढले. दिवाळीच्या आधीचं हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही, कारण दुसरं कुणी केलं की पात्याची खालची बाजू चकचकीत होते आणि वरची जशीच्या तशी राहते. शिडीवर चढले, एक पातं डाव्या हातात धरलं, वरून ओलं फडकं फिरवलं आणि बोटांना त्याचा बाक लागला. खालून बघावं तर सपाट पट्टी. बोट फिरवलं की कळतं, एका टोकाला जरा पिळलेली आहे, मध्ये जरा फुगलेली आहे आणि सगळी मिळून पोळीइतकी पातळ आहे. हे पातं कॉम्प्युटरवरच्या त्या आभासी जगात बनवायचं झालं तर कुठल्या आकारापासून सुरुवात करायची, काय पोकळ करायचं, कुठे कापायचं, हे शिडीवरून उतरायच्या आत माझ्या डोक्यात तयार होतं.

ही खोड मला एका दिवाळीने लावली. करोनाच्या वर्षातली दिवाळी. लोक त्या वर्षाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मला आवाज खाली आणावासा वाटत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत जिंकलेली दिवाळी ती.

सिंगापूरला दिवाळी हवेत येत नाही. पहाटेची थंडी नाही, उटण्यानंतर अंगावर येणारा काटा नाही. दुपारी ढग भरून येतात, तासभर पाऊस कोसळतो, मग कॉरिडॉरची फरशी ओली आणि हवा पुन्हा घट्ट. चकली कुरकुरीत राहावी म्हणून ती तळल्या तळल्या डब्यात कोंडावी लागते. इतकी वर्षं इथे काढल्यावर मी दिवाळी ओळखायची ती एकाच खुणेवरून. सबनीस काकांचा फोन यायचा, "मेधा, तुमच्या ब्लॉकमध्ये कुणी चिकाचे पडदे टाकून दिलेत का बघ."

सबनीस काका बँकेतून रिटायर झालेले, आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने. दरवर्षी मंडळाचा आकाशकंदील तेच करायचे. चांदणी नाही, कमळ. माणसाच्या कमरेइतकं मोठं, वाकवलेल्या कामट्यांच्या पाकळ्यांचं. बांबू विकत आणणं त्यांना मान्य नव्हतं. लोकांनी कॉरिडॉरमध्ये ऊन अडवायला लावलेले बांबूचे पडदे जुने झाले की काका ते उचलून न्यायचे, सोडवायचे, पट्ट्या तासून कामट्या करायचे. मग मैद्याची खळ, पतंगाचा कागद आणि शेपट्या. कम्युनिटी क्लबचा भाड्याचा हॉल, त्याचे ते पांढरे दिवे, एअरकंडिशनची घरघर, आणि मधोमध काका दोर ओढून कंदील चढवत आहेत. "चढवा!" असं सगळ्यांनी ओरडायचं. तो वर गेला की कार्यक्रम सुरू. त्याआधी कुणी चिवड्याला हात लावत नसे.

त्या वर्षी हॉल बंद होता. आणि काकांना मार्चमध्ये झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं, चालणं बरंचसं आलं, उजवा हात आला नाही.

कॉम्प्युटरवर मंडळाची मीटिंग भरली. प्रसाद म्हणून आमच्याकडे पुण्याचा एक मुलगा आहे, बुओना व्हिस्टाला सॉफ्टवेअरमध्ये. तो तेव्हा कार्यकारिणीचा प्रमुख होता. त्याने एका आभासी जगात जमिनीचा तुकडा घेतला होता. तिथे तो हॉल उभारणार, प्रत्येकाला एक बाहुली मिळणार, आपण आपल्या घरी बसून ती चालवायची आणि सगळ्यांनी तिथे भेटायचं. कल्पना चांगली होती. कुणीतरी कंदिलाचं विचारलं.

"कंदील रेडीमेड आहे कॅटलॉगमध्ये," प्रसाद म्हणाला आणि त्याने चित्र दाखवलं. लाल, गोल, खाली सोनेरी गोंडा. चिनी नववर्षाला इथे प्रत्येक मॉलमध्ये टांगलेला असतो तोच.

"अरे, हा तर आमच्या खालच्या नूडलवाल्याचा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. "हा गोळा लावणार असाल तर मला लिंक पाठवू नका," ते म्हणाले आणि त्यांची चौकट काळी झाली.

काकूंनी मला नंतर फोनवर सांगितलं की काकांनी हाताचे व्यायामही सोडलेत. थेरपिस्टने दिलेला रबराचा चेंडू खिडकीत पडून असतो. दाबा म्हटलं की म्हणतात, "कशाला हवाय आता हात?"

मला रडारड जमत नाही. समोरच्याला धीर द्यायला गेले की मी त्याला सूचना देत सुटते. पण मला एक गोष्ट कळते. एखादं काम होत नाही म्हणून थांबलेल्या माणसासमोर ते काम होताना दिसलं पाहिजे. मी प्रसादला मेसेज टाकला, "कंदील मी करते. कमळ. काकांनी पास केला तर तो लावायचा, नाहीतर तुझा लाल." प्रसादने अंगठा पाठवला आणि पाठोपाठ, "ताई, पण आपल्या जमिनीवर ठरावीकच वस्तू मावतात हां. हॉलनेच बऱ्याच खाल्ल्यात. जपून करा."

मला तेव्हा त्या जगात सरळ चालताही येत नव्हतं.

माझी नोकरी तुआसला, पत्र्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्लॅनिंगला. त्या महिन्यांत मी घरूनच काम करत होते. पत्रा रोलरमधून वाकून कसा येतो हे मी रोज ऐकत-बघत आलेली बाई. वाटलं, पातळ आणि वाकडं हे आपलंच खातं आहे. प्रत्यक्षात त्या जगाच्या कपाटात मिळाले चार आकार: ठोकळा, गोळा, नळकांडं आणि कडं. कडं घेतलं तर मेदुवडा समोर आला. पातळ करायला गेले तर साबुदाणावडा. ठोकळे जोडून बाक आणायचा प्रयत्न केला तर एका पाकळीतच शिल्लक वस्तू संपत आल्या आणि दिसायला ती पायऱ्यांची विहीर.

माझी मुलगी इरा तेव्हा पंधरा वर्षांची. मागून जाता जाता ती थांबली. "आई, धिस वे कॅनॉट लाह, असं नाही होत. तू कडं का घेतलंस? टेक सिलिंडर."

"नळकांड्याची पाकळी कशी होईल?"

"पोकळ कर. फुल. मग काप."

तिने करून दाखवलं. नळकांडं उभं केलं आणि आतून पोकळ करत नेलं, जितकं ते जग करू देईल तितकं, भिंत कागदाएवढी राहीपर्यंत. आता ती एक भली मोठी पातळ बांगडी झाली. मग केकसारखी कापली आणि बाकी सगळी फेकून देऊन एकच फोड ठेवली. स्क्रीनवर उरलं ते दुधीच्या सालासारखं काहीतरी, पातळ आणि वाकलेलं. आणि वस्तू खर्ची पडली फक्त एक.

मी खुर्चीतून उठले आणि घरभर एक चक्कर मारली. माणसाला असा आनंद झाला की चालावं लागतं. पातळ गोष्ट करायची तर जाडीकडून सुरुवात करायची आणि नको ते काढत जायचं, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलीने इंग्रजी-सिंग्लिशात शिकवलं.

त्यानंतर जिकडे तिकडे मला सालं दिसायला लागली. हॉकर सेंटरमध्ये पार्सल घ्यायला उभी असायचे. पराठावाला पीठ हवेत भिरकवायचा, ते पसरत पसरत पारदर्शक व्हायचं आणि तव्यावर पडताना त्याला क्षणभर जो बाक यायचा तो मी मनात कापून ठेवायचे. पावसात उलटलेल्या छत्रीची काडी. मॉलच्या दारातलं काचेचं छत. बसच्या आरशाची कड. अगदी परवासुद्धा एमआरटीत समोर बसलेल्या बाईच्या चष्म्याची दांडी मी इतकी निरखून बघत होते की ती उठून दुसऱ्या डब्यात गेली.

पाकळ्या तयार झाल्या. दोन फोडी समोरासमोर, टोकाला मिळालेल्या, मध्ये अर्धपारदर्शक गुलाबी कागद. सगळ्यांची मापं सारखी, सगळे बाक अचूक वर्तुळाचे, कुठे केसाएवढी फट नाही. मी व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी फोन काकांच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"कमळ."

"कमळ? मला वाटलं केळी सोलून ठेवलीस."

"काका, नीट बघा. बाक एकदम बरोबर आहे. वर्तुळाचा तुकडा आहे तो, मोजून घेतलाय."

"तेच तर. कामटीला वर्तुळ कुणी शिकवलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे नापास," काका म्हणाले. "ताण नाही त्यात. वाकवलेली गोष्ट आणि वाकडी गोष्ट यांत फरक असतो, मेधा. अगो, तो झाडू दे गं इकडे." हे शेवटचं काकूंना होतं. काकूंनी खराट्यातून एक हीर उपसून दिला. काकांनी तो डाव्या हातात घेतला, वाकवायला गेले, पण दुसरं टोक धरायला दुसरा हातच नव्हता. हीर सटकन सुटून फोनवर आपटला. मग काका म्हणाले, "तुझ्याकडे झाडू असेल ना? दोन हात आहेत ना? मग मला कशाला विचारतेस?" आणि फोन ठेवला.

मी रागावले, हे लिहायला हरकत नाही. रागाच्या भरातच कॉरिडॉरमधला खराटा उचलला. शेजारच्या मलय आजी दारात कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी बघितलं की ही बाई खराट्यातून एकेक काडी ओढून वाकवते आहे आणि स्वतःशी पुटपुटते आहे. त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

हीर दोन्ही टोकांना धरून वाकवला, कागदावर ठेवला आणि पेन्सिलने गिरवला. मग त्यावर कंपासने वर्तुळाचा तुकडा काढला. दोन्ही रेषा जुळेनात. हीर टोकांना जवळजवळ सरळ होता आणि सगळा बाक त्याने मध्यावर घेतला होता, जणू टोकं हट्ट धरून बसली होती आणि पोटाने माघार घेतली होती. दुसरा हीर, तिसरा हीर, तसंच. तुआसचा पत्रा तीन रोलरमधून जातो, रोलर त्याला जागोजागी सारखाच दाबतात, म्हणून त्याचं वर्तुळ होतं. पत्रा वाकतो तेव्हा हार मानून वाकतो आणि तसाच राहतो. कामटी हार मानत नाही. ती बांधलेली असते, सुटायला बघत असते, आणि तो सुटायचा प्रयत्नच आपल्याला सुंदर दिसतो. मी इतकी वर्षं कारखान्याचा बाक बघत आले होते आणि तोच कामटीला लावत होते.

इतकं कळल्यावर काम सोपं होतं. एका कामटीचे तीन तुकडे केले. मधला लहान नळकांड्यातून कापला, कडेचे दोन खूप मोठ्या नळकांड्यांतून, इतक्या मोठ्या की त्यांचा बाक जेमतेम जाणवावा. सांधे जुळवले. कागदालाही मध्ये किंचित आत ओढलं, कारण खळ वाळली की कागद आवळून बसतो. वस्तूंचा हिशेब तिप्पट झाला, म्हणून पाकळ्यांची आतली ओळ काढून टाकली आणि शेपट्या जाड केल्या. जमीन अगदी काठोकाठ भरणार होती, पण मावत होतं. पाकळी फिरवून बघितली आणि मला हात लावायची भीती वाटली, सुटून लागेल की काय अशी.

काकांना पाठवली नाही. म्हटलं, आता हॉलमध्येच बघा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही घरात नवे कपडे घालून कॉम्प्युटरसमोर बसलो. ते हास्यास्पद होतं आणि सगळ्यांनीच तसं केलं होतं. प्रसादने प्रत्येक बाहुलीला भरजरी कपडे आणि कोल्हापुरी चपला दिल्या होत्या. हॉलच्या दारात तोरण, आत लक्ष्मीची तसबीर, समया. माणसं येत होती. कुणी खांबाला धडकत होतं, कुणी पाठमोरं चालत होतं. "अहो, तुम्ही माझ्या आत उभे आहात!" "आवाज येतोय का? आवाज येतोय का?" काकाही आले. काकूंनी कसं आणलं त्यांना, ते त्यांनाच माहीत. त्यांची बाहुली दारातून आली ती थेट भिंतीत घुसली आणि तिथेच चालत राहिली.

"काका, वळा."

"वळतोय. डाव्या हाताने वळतोय. थांब."

कंदील दिवेलागणीला सगळ्यांसमोर चढवायचा, तोवर मांडायचा नाही, ही पद्धत इथेही मोडायची नाही असं मीच ठरवलं होतं. तो त्या जगातल्या माझ्या पोतडीत घडी करून ठेवला होता. प्रसादने घोषणा केली, शे-दीडशे घरांतून "चढवा!" असा गलका झाला आणि मी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर एक ओळ आली: या जमिनीवर आणखी वस्तू मावत नाहीत.

सकाळी तालमीत तो बसला होता. सकाळपासून आम्ही एक पणतीही वाढवली नव्हती. प्रसादचा आवाज आला, "ताई, असू दे. लाल एकच वस्तू आहे. एक समई काढतो आणि तो लावतो, तो नक्की बसेल. लोक थांबलेत."

"थांबू देत," मी म्हटलं.

काकांच्या बाहुलीकडे बघितलं. ती दाराकडे वळली होती. ते निघाले होते की नुसतेच वळत होते, कळायला मार्ग नव्हता. मी माझी नजर तिच्या मागोमाग दाराबाहेर नेली, आणि तिथे मला ते दिसलं.

चपला. दाराबाहेर कोल्हापुरी चपलांचा ढीग. त्या जगात अंगावरची गोष्ट काढली की ती एकतर आपल्या पोतडीत जाते नाहीतर जमिनीवर ठेवता येते. आमच्या लोकांनी आत लक्ष्मी बघितली आणि न सांगता, न ठरवता, प्रत्येकाने चपला काढून दारात ठेवल्या होत्या. ज्यांना सरळ चालता येत नव्हतं त्यांनाही ते जमलं होतं. डावी एक वस्तू, उजवी एक वस्तू. माझ्या कंदिलाची सगळी जागा मंडळाच्या चपलांनी भरली होती.

मी माइक घेतला. "मंडळी, सगळ्यांनी आपापल्या चपला उचला आणि घाला."

एक मावशी म्हणाल्या, "अगं मेधा, आत लक्ष्मी आहे. चपला घालून कसं यायचं?"

"मग पोतडीत टाका, मावशी. जमिनीवर ठेवू नका. कंदिलाला जागा नाही."

"माझ्या कुठल्या, ते कळत नाहीये. सगळ्या सारख्याच आहेत."

"क्लिक करून बघा, ज्याची त्यालाच उचलता येते!"

"म्हणजे इथे चोरीला जात नाहीत? काय देऊळ आहे!"

एवढ्यात काका हसले. खूप दिवसांनी ऐकलं ते हसणं, खाकरल्यासारखं सुरू होऊन न थांबणारं. त्यांच्या पाठोपाठ सगळे. घराघरांतून हसणं येत होतं आणि दारातला ढीग जोडी जोडीने विरघळत होता. मी बटणावर बोट ठेवून बसले होते. शेवटची जोडी कुणाची होती कोण जाणे, ती गेली आणि मी दाबलं.

कमळ उघडलं. आत दिवा लागला, कागदातून गुलाबी उजेड बाहेर आला आणि पाकळ्यांच्या कडा काळ्या रेघांसारख्या उठून दिसल्या, टोकांना ताठ, पोटात वाकलेल्या. काकांनी कुठलंतरी चुकीचं बटण दाबलं असावं, कारण त्यांची बाहुली जमीन सोडून वर उडाली आणि कंदिलाच्या आत जाऊन थांबली.

"काका, खाली या."

"थांब. आतून बघतोय." बाहुली आतल्या आत एकदा फिरली. "गाठी नाही मारल्यास."

"वस्तू पुरल्या नाहीत."

"हं." मग, सगळ्या मंडळाला ऐकू जाईल असं, "पाकळी पास."

टाळ्या वाजल्या, खऱ्या हातांच्या, दीडशे माइकमधून. मी कधी परीक्षेत पहिली आले नाही, पण येणाऱ्यांना काय वाटतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. आणि मी मुळीच नम्र वगैरे झाले नाही. इराला म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "आई, यू सो धिस टाइप, लाह," आणि मला घट्ट मिठी मारली.

लोक चिवड्याकडे, म्हणजे आपापल्या स्वयंपाकघरांकडे वळल्यावर काकांचा फोन आला.

"दोन्ही हातांनी केलंस का गं ते?"

"नाही. एका हाताने. दुसऱ्यात चहा असायचा."

"वाकवायला धरावं लागत नाही?"

"आकडे टाकायचे नि माउस ओढायचा. बास."

"माउस डावीकडून चालतो?"

"चालतो."

"उद्या ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅम्पिनीसच्या घरून गाडी धरली आणि काकांकडे जायला बुओना व्हिस्टाला उतरले. काका दाढी करून टेबलाशी बसले होते. "उशीर केलास," म्हणाले. मी माउस त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, त्याची बटणं उलटी करून दिली आणि नळकांडं समोर आणून ठेवलं. पहिलं त्यांनी इतकं ओढलं की ते छपरातून आरपार गेलं. दुसरं पोकळ करताना बोट लवकर सुटलं आणि भिंत भाकरीएवढी जाड राहिली. मला माउस हिसकावून घ्यावासा वाटत होता. तिसऱ्या वेळी त्यांनी जीभ दातांत धरली आणि भिंत पातळ करत करत नेली, अगदी कागदापर्यंत.

"आता कापू?" त्यांनी विचारलं.

"कापा," मी म्हटलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.